आई वाजवंल, तू नाच

"अरे, ही हिची आई का? मग हिलाही नाचता येत असेल!" साहेब म्हणाला, आन् सगळं पॅकिंग खातं खिदळलं.

खंडेनवमी व्हती. चाकण रोडवरची कंपनी. मशिनींना झेंडूच्या माळा, साहेबलोकांच्या बायका नटूनथटून आलेल्या. माझी आई जोगतीण, देवीला सोडलेली. तिचं चौंडकं तिनंच केलेलं. तेलाचा पत्र्याचा डबा, एका तोंडाला कातडं, त्यातनं ओवलेली आतड्याची तार. डबा काखेत धरायचा, तार ताणून छेडायची. असा घुमायचा की गल्लीच्या टोकापतुर ऐकू जायचा. दर खंडेनवमीला ती कंपन्यांच्या फाटकांवर जोगवा मागायची. फाटकं सारखीच, पाटी तिला वाचता येत नव्हती. त्या दिवशी माझ्याच कंपनीवर आली.

पाव्हण्यांना गंमत म्हणून साहेबानं तिला आत घेतलं. वाजवता नाचता तिला मी दिसले आन् तिच्या तोंडातनं निघून गेलं, "अगं पोरी, तू हितं?" झालं!

"ये पुढं," साहेब मला म्हणाला. "आई वाजवेल, तू नाच. लाजतेस काय?"

मी हंगामी. दिवाळीनंतर कायम करणार व्हते. न्हाई म्हणावं तर नोकरी जाती. नाचावं तर उद्यापास्नं कुणीबी हात धरंल. बाप्यांच्या नजरा आत्ताच बदलल्या व्हत्या. आईनं मान खाली घातली आन् तार ताणली. त्याचंच मला लई भ्या वाटलं. तिला बी कधीतरी असंच पुढं बोलावलं असंल, आन् ती गेली असंल.

मी पुढं झाले. आईच्या काखेतला डबा काढून घेतला.

"मी न्हाई नाचायची. ही बी न्हाई वाजवायची आता."

"एवढा माज?"

"माज न्हाई साहेब. भ्या वाटतंय. तरी न्हाई म्हणते."

रस्त्यावर आल्यावर आई रडायला लागली. "नोकरी घालवलीस गं बाई." मला बी रडू आलं.

दसऱ्याची सुट्टी संपली. सकाळच्या शिफ्टला मी फाटकावर हजर. वॉचमन म्हणाला, "ताई, तुला आत सोडायचं न्हाई. साहेबांनी सांगितलंय."

मी तितंच बसले, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसंल अशी. काढायचं असंल तर साहेबानं भाईर यावं आन् सगळ्यांदेखत सांगावं, का काढलं ते. तवर हलायची न्हाई. कुणी इचारलं तर सांगायची, जोगतिणीची पोर हाय, पॅकिंगची कामगार हाय. कामाला बोलावलं तर उठीन. नाचायला कुणाच्या बापानं बोलावलं तरी उठायची न्हाई.