जर्मनच्या वाटीतली रबरं

माझ्या जिभेला हाड नव्हतं, हे साताऱ्यातल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक होतं. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. उतारूंच्या सर्व्हिस मोटारी चालवणाऱ्या एका मालकाच्या गॅरेजात मी मोठा मिस्त्री होतो. हाताखालच्या माणसाला घालूनपाडून बोलल्याशिवाय माझा दिवस जात नसे.

त्या उन्हाळ्यात मालकांनी पलटणीतून सुटून आलेला एक गडी आणला. माणदेशाकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. लष्करात गाड्या दुरुस्त करायला शिकलेला. "आठ दिवस बघा, पटला तर ठेवा," मालक म्हणाले. त्याचा कळप दुष्काळात गेला होता. नोकरी लागली तरच बायकोपोरांना इकडं आणता येणार होतं. हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. सांगायला नको होतं.

मेढ्याला जाणाऱ्या गाडीच्या ब्रेकमधून तेल गळत होतं आणि ते अडवणारी नवी रबरं बाजारात मिळत नव्हती. मालकांनी लष्करी भंगारातून डबाभर आणली. "ह्यालाच निवडू द्या," म्हणाले. सगळी काळी, सगळी एकाच मापाची. त्यानं एकेक नखानं दाबलं, हुंगलं, दोन ढीग केले. मग जर्मनच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत ब्रेकचं तेल ओतलं, म्हणजे आमचं एरंडेल आणि स्पिरिट, आणि दोन्ही ढिगांतलं एकेक रबर त्यात टाकलं.

"आवं मिस्त्री, ही दोन जातीची हायती. त्यातलं एक ह्या तेलात फुगतंय. उद्यापतुर भिजू द्या, मग कळंल."

"मेंढरं धुतोस व्हय रं?" मी म्हणालो.

सगळे हसले. तोही हसला. मला मात्र ते झोंबलं, कारण हे मला माहीत नव्हतं. त्याच तिरमिरीत मी हाताला आली ती रबरं उचलली, स्वतः बसवली आणि गाडी सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. उतारावर एका बाजूचे ब्रेक धरून बसले, सुटेनात. गाडी ओढली जाऊन दरडीवर आदळली आणि ड्रायव्हरचा हात चेंगरला. मी आधी वाटीपाशी गेलो. एक रबर जसंच्या तसं होतं. दुसरं भिजवलेल्या वाटाण्यासारखं फुगलं होतं. मी दोन्ही भट्टीत टाकली आणि वाटी पुसून पालथी घातली.

मालक तणतणत आले. "रबरं कुणी निवडली?"

"ह्यानंच," मी बोट दाखवलं.

"मी थांबा म्हनलो व्हतो, मालक. ती वाटी बघा की."

"कुठली वाटी?" मी विचारलं.

काल हसलेले सगळे तिथंच उभे होते. एकेक जण आपापल्या गाडीखाली शिरला. त्यानं पालथ्या वाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ड्रायव्हरचा हात तरी वाचंल का, मिस्त्री?" एवढंच विचारलं आणि वळकटी उचलली. पुढं सांगलीपर्यंत कुठल्या गॅरेजात त्याला कुणी उभं करू नये, याचीही मी तजवीज केली. लाज वाटत होती, तरी केली.

त्यानंतर मी रात्रभर भिजवल्याशिवाय एकही रबर बसवलं नाही. नवी माणसं त्याला मोठ्या मिस्त्रींची रीत म्हणत, आणि मी म्हणू देत असे. वाटी तीच होती.