पूर्वपक्षाची खुर्ची

आमच्या गुरुबंधूंनी आयुष्यात एकदा तरी कशाला सरळ 'हो' म्हटलेलं कुणी दाखवून द्यावं, मी माझी पीएच.डी. विद्यापीठाला परत करतो. जन्मल्याबरोबर सगळी लेकरं रडतात. हे गृहस्थ म्हणे सुईणीकडे बघून नकारार्थी मान हलवत होते. शिरड शहापूरची त्यांची चुलती ही हकीकत शपथेवर सांगते, आणि तिच्यावर अविश्वास दाखवावा असं त्यांच्या पुढच्या आयुष्यात काही घडलं नाही. एकाच सरांच्या हाताखाली आम्ही दोघं तत्त्वज्ञानात संशोधन करत होतो म्हणून ते माझे गुरुबंधू. ते थोरले, मी धाकटा. मी नाव नोंदवलं तेव्हा ते पीएच.डी. करत होते, माझी झाली तेव्हाही करत होते. दरम्यान विभागाच्या खिडकीतल्या कबुतरांच्या कितीतरी पिढ्या उडून गेल्या.

हिंगोलीतल्या आमच्या कॉलेजचं तत्त्वज्ञान संशोधन केंद्र म्हणजे जिन्याखालची एक खोली. तिथं दर शनिवारी व्याख्यान व्हायचं आणि त्याला सरांनी जुन्या शास्त्रकारांची रीत लावून दिली होती. आपलं मत मांडायच्या आधी विरोधकाचं म्हणणं मांडायचं, तेही त्याला स्वतःला जमलं नसतं इतक्या ताकदीनं. हा पूर्वपक्ष. मग त्याला उत्तर द्यायचं, तो उत्तरपक्ष. खिडकीजवळची लोखंडी खुर्ची पूर्वपक्षाची आणि समोरचं टेबल उत्तराचं. टेबलाशी दर शनिवारी नवा माणूस उभा राहायचा; खुर्चीत मात्र कायम आमचे गुरुबंधू. त्या खुर्चीतून त्यांनी किती प्रबंध जागच्या जागी मारले याची गणती नाही. माझाच विषय दोनदा मेला. एकदा पुण्याहून एक नामांकित पाहुणे आले, पडद्यावर चित्रंबित्रं दाखवून छान बोलले. मग गुरुबंधू खुर्चीतून थोडे पुढे सरकले, "सर, थोडी तकलीफ देतो," म्हणाले आणि सुरू झाले. संध्याकाळी एस.टी.त चढता चढता पाहुण्यांनी माझा हात धरून हळूच विचारलं, "अहो, मी नेमकं काय म्हणत होतो?"

हे व्यसन खोलीपुरतं राहिलं असतं तर त्यांचा संसार झाला असता. डोंगरकड्याला ते मुलगी बघायला गेले. मुलीच्या वडिलांनी साधाच प्रश्न केला, "पाहुणे, तुमच्याबद्दल काही सांगा." गुरुबंधूंनी पूर्वपक्षापासून सुरुवात केली. नोकरी तासिका तत्त्वावर, ती पुढच्या जूनमध्ये असेलच असं नाही. प्रबंध अर्धा. स्वभाव भांडखोर. घोरणं आहे. असं तासभर झाल्यावर उत्तरपक्षाकडे वळणार, तोवर मुलीच्या वडिलांचे डोळे पाणावले होते. "इतका खरा माणूस म्या पायला न्हाई," असं म्हणून त्यांनी गुरुबंधूंना वाकून नमस्कार केला आणि पोरगी सेनगावच्या तलाठ्याला दिली. लग्नाची पहिली पत्रिका मात्र गुरुबंधूंना. ते गेलेसुद्धा, आणि जेवून आले.

कॉलेजच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. टपरीवाले चाचा त्यांना पुरते ओळखून होते. चहा नको, हे गुरुबंधू कारणांसह सांगू लागले की चाचा ग्लास हातात देऊन म्हणायचे, "सर, पहले पी लो, फिर ना बोलो."

त्यांचा स्वतःचा प्रबंध कुठं अडला होता, हे सांगायला हवं. घर बौद्ध, लहानपणापासून विहारात ऐकलेलं, की जगात कायमचं काहीच नाही, माणूससुद्धा क्षणाक्षणाला बदलत जातो, आत टिकून राहणारा असा कुणी नाही. हेच त्यांना सिद्ध करायचं होतं. याला विरोधकांचा जुना आक्षेप असा, की बाबांनो, कुणीच टिकत नसेल तर आठवण कुणाला येते? काल बघणारा गेला, आज आठवणारा दुसराच. मग एकाचं देणं दुसरा का मानतो? झालं. हा आक्षेप गुरुबंधूंनी रीतीप्रमाणे ताकदीनं मांडायला घेतला आणि तो त्यांच्या हाताबाहेर गेला. पूर्वपक्ष वाढत वाढत विटेएवढा जाड झाला. उत्तरपक्षाचं एक पान नाही. सर विचारायचे, "उत्तर कुठवर आलं?"

"होऊन राहिलंय सर."

मग सरांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिसला न्यावं लागे. जीप ठरवायची, सरांना हाताला धरून बसवायचं, दिवसभर थांबायचं, हे सगळं गुरुबंधूंनी कुणी न सांगता अंगावर घेतलं. जाता-येता दोघांचा वाद चाले. सरांच्या निवृत्तीनंतर जागा भरायची नाही असं संस्थेनं ठरवलं होतं, म्हणजे सरांबरोबर केंद्रही जाणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. सरांचा चेहरा दर फेरीला काळवंडत गेला, तसतसा गुरुबंधूंचा आक्षेप अधिक धारदार होत गेला. मी एकदा चिडून म्हटलं, "दादा, त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोला की." ते म्हणाले, "तेच बोलून राहिलोय. खोटं बोललो तर त्यांना कळंल ना."

शेवटच्या फेरीत मीही होतो. मशीन चालू होतं. सर डोळे मिटूनच म्हणाले, "अरे, आता उत्तर ऐकव. मला ते ऐकून जायचंय."

गुरुबंधू स्टुलावर थोडे पुढे सरकले. मग म्हणाले, "सर, अजून एक आक्षेप राहिलाय."

सर हसले. तो आक्षेप त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. मात्र पुढच्या फेरीची जीप ठरवायची वेळच आली नाही.

शोकसभा त्याच खोलीत झाली. एकापाठोपाठ एक वक्ते टेबलाशी येऊन सर कसे देवमाणूस होते हे सांगत होते. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, ही जागा आता कधीच भरून येणार नाही. त्यांच्या हातात असल्यामुळे ते खात्रीनं सांगू शकत होते. मग गुरुबंधूंचं नाव पुकारलं गेलं. ते उठले, आणि टेबलाकडे न जाता सवयीनं खिडकीजवळच्या लोखंडी खुर्चीशी जाऊन उभे राहिले.

"सर कधी टायमावर आले न्हाईत," त्यांनी सुरुवात केली. "आमची प्रकरणं महिनोन्‌महिने उशाखाली ठेवायचे. रागावले की चार-चार शनिवार बोलायचे न्हाईत. मोठ्या गावच्या विद्यापीठानं बोलावलं तवा गेले न्हाईत, आन इथं राहून हे केंद्र बी त्यांना वाचवता आलं न्हाई. मला त्यांनी भांडायला शिकवलं, पण जगायला काय लागतं ते शिकवलं न्हाई." खोलीत कुजबुज सुरू झाली. सरांचे मेहुणे बाह्या सारत उठले. "काहून बोलून राहिला हा असं? आवरा याला कोणी."

पहिल्या रांगेतून सरांच्या पत्नी, आमच्या काकू, शांतपणे म्हणाल्या, "बसा भाऊ. त्यांचं अर्धंच झालंय."

मेहुणे बसले. गुरुबंधूंनी काकूंकडे पाहिलं. मग ते खुर्ची सोडून निघाले. खोली केवढीशी ती, पण आमच्या गुरुबंधूंना ती ओलांडून टेबलाशी जाताना मी पहिल्यांदा पाहत होतो. हिंगोलीहून दिल्लीला पायी निघालेला माणूसही इतका दमला नसता. टेबलाच्या कडा त्यांनी दोन्ही हातांनी धरल्या.

"हे सगळं खरं हाय," ते म्हणाले. "यातल्या एकाचं बी खंडन माझ्यापाशी न्हाई. सर राहिले न्हाईत. आन पहिल्या दिवशी त्यांच्यापुढं उभं राहिलेलं शिरडचं पोरगं, ते बी आता राहिलं न्हाई. मग आठवण कोणाला येऊन राहिली, हा आक्षेप बराबर हाय." ते थांबले. "पण येऊन राहिली."

लोक पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. पुढचं वाक्य नव्हतंच. काकूंनी डोळे पुसले आणि होकारार्थी मान हलवली. सभा संपली.

त्या खोलीत आता कॉलेजची जुनी बाकं रचून ठेवलीत. गाईड गेले, नोंदणीही गेली. विटेएवढा पूर्वपक्ष शिरडच्या घरी माळ्यावर आहे. तेवढंच एक वाक्य उत्तर म्हणून लिहा, दुसरा गाईड शोधू, असं मी अनेकदा विनवलं. "होऊन राहिलंय," म्हणतात. पोटासाठी एका ज्युनियर कॉलेजात तास घेतात, आणि शनिवारी न चुकता चाचांच्या टपरीवर येतात. मी काही बोलायचा अवकाश, की ते बाकावर पुढे सरकतात आणि माझ्या बोलण्याच्या चिंधड्या करतात. फक्त अलीकडे कधी कधी ऐन भरात थांबतात. समोर फाटक असतं, शनिवारचं रिकामं.

"काय झालं दादा?"

"काही न्हाई. येऊन राहिली."

चहा गार होतो. चाचा तो ग्लास उचलतात आणि दुसरा आणून ठेवतात, आणि आमचे गुरुबंधू 'नको' म्हणायचं विसरतात.