शेळ्यांच्या छपरावरचं बॅनर

माझ्या कामाबद्दल ऑनलाइन कोणी पहिल्यांदा काही लिहिलं ते असं होतं : 'तुम्ही दुसऱ्याचं काम आपलं म्हणून लावलं आहे.' लिहिणारी पुण्याची एक बाई. ती कपड्यांचं दुकान काढणार होती आणि दुकानाच्या नावासाठी वेगळी अक्षरं शोधत होती. मी रिसोडला आमच्या घराच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. वाचून उभा राहिलो, बसलो, परत उभा राहिलो. त्या मेसेजचा राग अजून गेला नाही, पण कुठून आला ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

रिसोडच्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी कित्येक वर्षं डिझाइन केलं. त्याआधी बाजारात एका अडत्याकडे पोती शिवत होतो. मला कोणी शिकवलं नाही. मालक जेवायला घरी गेला की त्याच्या कॉम्प्युटरवर चुकत-माकत शिकलो. वाढदिवस, साखरपुडे, कोचिंग क्लास, निवडून आलेले, पडलेले, वारलेले, अख्ख्या तालुक्याची तोंडं मी उजळ केली. प्रत्येक बॅनरच्या खालच्या कोपऱ्यात नाव दुकानाचं. त्याबद्दल मी कधी बोललो नाही. पण एका दिवशी एका गिऱ्हाइकाने माझ्या एका बॅनरकडे बोट दाखवून विचारलं, "हे अक्षरं कोनं काढले?" आणि मालक माझ्यासमोर, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मीच. अजून कोन काढीन?"

त्याच दिवशी मी दुकान सोडलं.

ऑनलाइन काम मिळतं हे मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं की तिथे आधी केलेलं काम दाखवावं लागतं. शहरातल्या पोरांनी न उघडलेल्या कॅफेंचे लोगो करून लावले होते. माझ्याकडे खरी कामं होती, पण सगळी मालकाच्या कॉम्प्युटरमध्ये. म्हणून राग गिळून पुन्हा दुकानात गेलो. नुसतं मागायला नाही, सौदा करायला. म्हटलं, "लग्नाच्या सीझनभर येतो, फुकटात बसतो. मले माह्या फाइली द्या."

"तुह्या?" मालक हसला. "कॉम्प्युटर माहा, लाइट माही, खुर्ची माही. तुहं काय होतं बेटा?"

"निम्मा सीझन अन् निम्म्या फाइली."

"एक बी नाई. चहा घेतं का?"

मी चहा घेतला नाही. खुर्ची लाथेने लोटली. ती पडली पण नाही, नुसती चाकांवर सरकत भिंतीला जाऊन टेकली. मालकाचा पुतण्या काउंटरवर बसून मोबाइलमध्ये बघत होता, त्याने मानही वर केली नाही.

मग मी ठरवलं, फाइली नाहीत तर बॅनरं तर आहेत. माझी छापलेली कामं जिल्हाभर टांगलेली असणार. मोटरसायकल काढली आणि फिरलो. शिरपूरला एका हॉटेलाचा बोर्ड सापडला, उन्हाने पांढरा झालेला. बाकीची बॅनरं आमच्याकडे जिथे जातात तिथे गेली होती : सोयाबीनच्या गंजीवर, कुटाराच्या ढिगावर, न्हाणीच्या आडोशाला. एका नेत्याचा अर्धा चेहरा मला म्हशीच्या वैरणीवर दिसला. फोटो काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मला हवं होतं ते एकच. मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावर एक बाई फेटिया-कांचळी शिवायची, बंजारा बायांचा घागरा आणि चोळी. तिच्या बॅनरसाठी मी अक्षरं स्वतः काढली होती. तिने आणलेल्या कापडावरचे टाके बघून प्रत्येक अक्षर टाक्यांसारखं, मधेमधे कापडावरच्या आरशांएवढ्या गोल जागा सोडून. मालक तेव्हा म्हणाला होता, कोणी वाचणार नाही. गिऱ्हाइकाने कौतुक केलं तेही ह्याच बॅनरचं.

तांड्यावर गेलो तर तिच्या घराला कुलूप. नवराबायको ऊसतोडीला गेले होते. शेजारच्या झोपडीत तिची सासू होती, आणि बॅनर सासूच्या शेळ्यांच्या छपरावर होतं. छापलेली बाजू आत. म्हणूनच रंग जसेच्या तसे राहिले होते.

"याडी, हे मले दे," मी म्हटलं. याडी म्हणजे आई. "याच्याबदल्यात नवी ताडपत्री आनून देतो."

"नवी गळते," ती म्हणाली. "हे गळत नाई."

"दोन देतो."

"दोन गळतीन."

"अगं, हे मी बनवलं. माहं हाय."

ती वाकून आत आली, डोळे बारीक करून वर पाहिलं. "खाली तं दुसऱ्याचंच नाव दिसून राह्यलं, बापू. नातीनं वाचून दाखवलं होतं मले."

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण हिला काय म्हणायचं? शेवटी सौदा एवढ्यावर आला : बॅनर काढायचं नाही, फोटो काढायचा, आणि जाताना छपराचा सुटलेला कोपरा बांधून द्यायचा. मी लेंड्यांमध्ये उताणा झोपलो. वरून ऊन पडलं होतं आणि अक्षरं आतून पेटल्यासारखी दिसत होती. एक शेळी माझा खिसा चावत होती. एवढं चांगलं ते मला दुकानात कधी दिसलं नव्हतं.

घरी येऊन फोटो सरळ केला, खालचं दुकानाचं नाव पुसून टाकलं आणि तो काम मिळवून देणाऱ्या एका वेबसाइटवर लावला. मला त्यात आजही काही चूक वाटत नाही.

पण घोटाळा तिथेच झाला. काही महिन्यांनी मालकाच्या पुतण्यानेही त्याच वेबसाइटवर दुकान मांडलं आणि तेच बॅनर लावलं, मूळ फाइलमधून, लखलखीत, कोपऱ्यात नावासकट. पुण्याच्या बाईने दोन्ही पाहिली. एकीकडे स्वच्छ काम. दुसरीकडे वाकडा फोटो आणि नावाच्या जागी पुसल्याचा डाग. चोर कोण, हे कोणीही सांगितलं असतं. तिने पुढे लिहिलं होतं की ती वेबसाइटवाल्यांकडे तक्रार करणार आहे. तक्रार झाली असती तर खातं बंद, आणि मालकाचं म्हणणं कायमचं खरं.

मी टाइप करायला लागलो. बायको दारात तूर निवडत होती. माझ्या बोटांचा आवाज ऐकून म्हणाली, "शिव्या देऊन राह्यले का तिले?"

"नाई."

"मंग एवढ्या जोरात काहून?"

मी सगळं खोडलं आणि ओट्यावर येरझाऱ्या घातल्या. बाजारात व्यापारी पोत्याच्या तोंडचा माल बघून भाव सांगत नाही. हात कोपरापर्यंत आत खुपसतो आणि खालचे दाणे बाहेर काढतो. तेच केलं. लिहिलं, 'मॅडम, तक्रार करा, पण आधी दोघांनाही तुमच्या दुकानाचं नाव ह्याच अक्षरांत लिहून मागा. ज्याचं काम असेल त्याला येईल.'

तिने मागितलं. तिच्या दुकानाच्या नावात झ होता, ण होता. त्या बॅनरमध्ये दोन्ही नव्हते. फाइल कितीही चाळली तरी निघाले नसते.

मी कागदावर झ काढायला बसलो. टोपलीभर कागद फाडले. दुपारी फोन वाजला. मालकाचा पुतण्या.

"दादा, कसे हा? घरी सगळं बरं ना?"

"बोल."

"एक छोटंसं काम होतं. एक शब्द लिवून पाह्यजे. ते तांड्यावालं बॅनर आठवते ना, त्या टाइपमधी." आणि त्याने शब्द सांगितला. पुण्याच्या बाईचा शब्द.

बाईने आणखी कोणाला विचारलंय हे त्याला सांगितलं नव्हतं, तो दुसरा मीच आहे हे त्याला माहीतच नव्हतं. मला हसू आवरेना. मी फोन स्पीकरवर टाकला, बायकोला हाताने बोलावलं आणि म्हटलं, "काकाले दे."

मालक आला, आवाजात गूळ. "काय म्हणतं बेटा? आपलाच मानूस म्हणून फोन केला."

"ते अक्षरं कोनं काढले होते, मालक?"

"आता हे काय काढलं?"

"सांगा. मंग शब्दाचं बोलू."

मला वाटलं होतं तो चिडेल, फोन ठेवेल, निदान थोडा अडखळेल. इतके महिने मनात मी हेच भांडण भांडत होतो, आणि दर वेळी त्याच्या तोंडून ते वाक्य ओढून काढायला मला घाम फुटायचा.

"तूच काढले, बाबा," तो म्हणाला. जांभई देत असल्यासारखा. "तूच काढले, सगळे तूच काढले. बरं, संध्याकाळपर्यंत देतं का?"

"नाई देत," मी म्हटलं आणि फोन कापला.

बायकोकडे वळलो. "ऐकलं ना?"

"हो."

"कबूल केलं त्यानं. तू साक्षीदार हाय."

"मले तं पयलेच माईत होतं," ती म्हणाली आणि परत तुरीकडे गेली. "जेवता का आता?"

जेवलो नाही. शब्द पूर्ण केला आणि पाठवला. त्या दुकानवाल्यांनी चार दिवस मागितल्याचं बाईने कळवलं, आणि दुसऱ्या मेसेजमध्ये माझी माफी मागून काम मला दिलं. तिसऱ्या मेसेजमध्ये ण थोडा साधा करता येईल का, असं विचारलं. मी लगेच नाही म्हटलं. मग झ आणि ण यांच्यावरून आमची संध्याकाळपर्यंत ओढाताण चालली आणि शेवटी ण जरा साधा झाला, झ मात्र मी हलू दिला नाही.

पुतण्याचं प्रोफाइल मी अजून बघतो. बॅनर तिथेच आहे, कोपऱ्यात दुकानाचं नाव तसंच आहे. वेबसाइटवाल्यांना दोनदा लिहिलं, ते पुरावा मागतात. मालक फोनवर एवढं स्वस्तात बोलून गेला आणि मी ते रेकॉर्ड केलं नाही.