सासूच्या कालवणाची चव

आमच्या घरी स्वयंपाक करताना चाखायचा नाही, असा नियम होता. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी पळी ओठाला लागली की सगळं पातेलं उष्टं. माझी आई मीठ अंदाजानं घालायची, आमटीचा वास घ्यायची आणि कमी आहे की जास्त ते सांगायची. शप्पत सांगते, तिचं कधी चुकलं नाही. हे असलं शिकून मी पुण्याहून मेलबर्नला आले, सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर, आणि लग्न केलं ते एका व्हिएतनामी मुलाशी.

त्याच्या आईकडे पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. सेंट ऑल्बन्स या उपनगरातलं जुनं विटांचं घर. आत चकाचक किचन, पण तिथे फक्त चहा व्हायचा. खरा स्वयंपाक मागे गॅरेजमध्ये, भल्यामोठ्या गॅसच्या शेगडीवर, कारण फिश सॉसचा, म्हणजे माशाच्या खारट अर्काचा, वास पडद्यांना लागलेला तिला चालत नसे. दाराबाहेर थर्माकोलची रिकामी खोकी मांडून त्यांत तिनं गवती चहा आणि नाना तऱ्हेचा वासाचा पाला लावलेला. नवऱ्यानं सांगितल्याप्रमाणे मी तिला 'मा' म्हणाले. मा म्हणजे आईच. तिचं इंग्रजी तुटकं, माझं व्हिएतनामी शून्य. आमच्यात अहो-जाहोचा प्रश्नच आला नाही.

त्या दिवशी ती माशाचं आंबट कालवण करत होती. चिंच, अननस, टोमॅटो, भेंडी, मुगाचे लांब मोड आणि आपल्या अळूच्या देठांसारखे जाड हिरवे दांडे. दर दोन मिनिटांनी पळी तोंडाला लावायची, डोळे बारीक करायची, चिमूटभर साखर टाकायची, परत चाखायची आणि तीच पळी परत पातेल्यात. मी मनात म्हटलं, अगं बाई, सगळं उष्टं केलं की हिनं! तेवढ्यात तिनं ती पळी माझ्यासमोर धरली. नाही कसं म्हणणार? चाखलं. आणि मी पडले पुण्याची, तोंडातून निघून गेलं, "टू सावर."

नवऱ्याचा, म्हणजे तेव्हाच्या होणाऱ्या नवऱ्याचा, चेहरा पांढरा पडला. तिनं परत चाखलं, साखर टाकली, परत चाखलं आणि खो-खो हसायला लागली. मुलाला म्हणाली, आणि त्यानं मला सांगितलं, "हिला जीभ आहे. तुम्हा कुणाला नाही." जेवताना माशाच्या गालाचा मऊ तुकडा तिनं आपल्या जेवायच्या काड्यांनी उचलला आणि माझ्या वाटीत ठेवला. तो घरातला मानाचा घास. मी तिचं उष्टं मुकाट्यानं खाल्लं, आणि इतकं गोड लागलं की मला रडू आलं. माझी आई सात समुद्रांपलीकडे होती, आणि इथे कुणीतरी माझ्या वाटीत घास ठेवत होतं.

त्यानंतर अकरा वर्षं रविवार म्हणजे सेंट ऑल्बन्स. आम्ही ट्रुगानिनाला घर घेतलं ते नवं होतं म्हणून, असं मी ऑफिसात सांगायचे. खरं कारण म्हणजे तिथून गॅरेज वीस मिनिटांवर होतं. नारळपाण्यात शिजवलेलं डुकराचं मांस आणि त्यात आख्खी उकडलेली अंडी. मातीच्या भांड्यात करपवलेल्या साखरेतला मासा. मी गुरुवारपासूनच विचारायला लागायचे, या रविवारी काय? पहिली वाटी भिंतीवरच्या फळीवर, सासऱ्यांच्या फोटोपुढे जायची, उदबत्तीसकट. मग सगळ्यात लहान असेल त्यानं प्रत्येक मोठ्याला नात्यानं हाक मारून 'जेवायला बसा' म्हणायचं. आमची लेक बोलायला लागल्यापासून तो मान तिचा. आणि या सगळ्याच्या आधी, गॅरेजमध्ये, शेवटचा घोट माझा. मी सांगितल्याशिवाय ती गॅस बंद करत नसे. लग्नाच्या बायकोला काय मान असतो कुणास ठाऊक, पण त्या पळीचा मला फार अभिमान होता.

मग तिच्या घशात गाठ निघाली. रेडिएशन झालं, गाठ गेली, आवाज राहिला. चव मात्र गेली, वासही गेला. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित थोडी. आली नाही. भात म्हणजे भुसा लागतो, म्हणाली. तिनं असं म्हटलं आणि हसली, आणि मला ते हसणं बघवेना.

तीन महिन्यांनी ती परत गॅरेजमध्ये उभी राहिली. गळ्याची हाडं वर आलेली, एप्रनच्या नाड्या दोनदा गुंडाळलेल्या. पळी माझ्या हातात दिली. "आय कुक," म्हणाली, "यू टेल मी." एवढंच. मुलावर तिचा भरवसा नव्हता, तो आईच्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणतो. नणंद डार्विनला हॉस्पिटलात नोकरीला, ती वर्षातून एकदा येणार. उरले मी. माझ्या जिभेवर तिचा स्वयंपाक चालणार होता. आणि स्वयंपाक चालला तरच ती चालणार होती, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

मी चाखलं. खारट होतं. फार नाही, पाणी आणि थोडी चिंच घालून सुटलं असतं. एक वाक्य होतं ते. पण ती माझ्या तोंडाकडे अशी बघत होती, ओठ किंचित उघडे ठेवून, की माझी जीभच रेटेना. मी म्हटलं, "परफेक्ट, मा."

ती इतकी खूश झाली! झाकण ठेवलं, गॅस बंद केला, माझ्या गालाला हात लावला. आणि मी, कर्म माझं, मीही खूश झाले.

पुढच्या रविवारी जास्त खारट. त्याच्या पुढच्या रविवारी साखर इतकी की पाक म्हणावं. मी परफेक्ट म्हणत राहिले. आधी म्हटलेलं मागे कसं घेणार? मागच्या वेळचंही खोटं होतं, हे कळलं असतं ना तिला. ऑफिसात मी दिवसभर लोकांच्या चुका काढते. पोरंटोरं रात्रंदिवस खपून काहीतरी बनवतात, आणि मी तोंडावर सांगते, हे चालत नाही, परत करा. त्याचा मला पगार मिळतो. आणि ज्या एका बाईनं मला चुका काढ म्हणून विनवलं, तिच्यापुढे माझ्या तोंडाला कुलूप. नवरा पाणी पिऊन घास ढकलायचा. लेकीनं तोंड वाकडं केलं की मी टेबलाखालून चिमटा काढायचे. परतताना कारमध्ये ती म्हणायची, "आय ॲम स्टिल हंग्री," आणि आम्ही तिघं ड्राइव्ह-थ्रूत थांबून बर्गर खायचो. "बा नोईला सांगायचं नाही हं," मी लेकीला बजावायचे. बा नोई म्हणजे बापाकडची आजी. असे आठ महिने.

मग सासऱ्यांचं दरवर्षीचं श्राद्ध आलं. त्यांच्याकडे तो मोठा दिवस. आधी गेलेला माणूस जेवतो, मग जिवंत. नणंद डार्विनहून आली, नातेवाईक मिळून वीसेक पानं. सासू दोन दिवस गॅरेजमध्ये राबत होती. आंबट कालवण सासऱ्यांच्या आवडीचं, म्हणून तेच मुख्य. फिश सॉस तिनं बहुतेक दोनदा घातला होता. पळी तोंडात घेतली आणि माझा घसा जळला. माणसं यायला अर्धा तास होता. उपसून, पाणी घालून, काहीतरी करता आलं असतं. तिनं विचारलं, "फॉर हिम, ओके?"

मी म्हटलं, "परफेक्ट."

वाटी फोटोपुढे गेली. उदबत्ती जळून संपेपर्यंत थांबायचं असतं, तेवढं थांबलो. मग सगळे जेवायला बसले. दोन चमचे, मग वाट्या हळूच बाजूला, मग कोरडा भात आणि भाज्या. वाट्या उचलायला तीच उठली, कुणाचं ऐकेल तर शपथ. एकीत एक उलटायला गेली तर सगळ्या भरलेल्या. ती तशीच उभी राहिली. मग लेकीच्या खुर्चीशी वाकली आणि विचारलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ नऊ वर्षांच्या पोरीला विचारलं.

लेक म्हणाली, "इट्स रिअली सॉल्टी, बा नोई. इट्स ऑल्वेज सॉल्टी. ममा सेड नॉट टू टेल यू."

पोरीचा काय दोष? तिनं एकटीनं त्या घरात खरं सांगितलं. सासूनं माझ्याकडे वळून बघितलं. रागावली असती, तर पाय धरले असते मी. ती रागावली नाही. भरलेल्या वाट्या तशाच टेबलावर ठेवल्या आणि फोटोपुढे जाऊन हात जोडून काहीतरी पुटपुटली. परतताना मी नवऱ्याला विचारलं, काय म्हणाली? त्यानं सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाला, "ती म्हणाली, इतके रविवार तुम्हाला असलं वाढलं, माफ करा. मला कुणी सांगितलं नाही."

त्या दिवसानंतर तिनं शेगडी पेटवली नाही. मी पुढच्या रविवारी गेले, रडले, म्हटलं, "मा, आता खरं सांगेन, देवाशपथ खरं सांगेन." तिनं माझा हात थोपटला. "नो वरीज," म्हणाली. या देशात आल्यापासून हजार वेळा ऐकलाय तो शब्द, दुकानात, बँकेत, फोनवर. इतका परका कधी वाटला नव्हता. हिवाळ्यात खोक्यांतला पाला वाळून गेला. ती पावडरचं दूध पिऊन राहायला लागली, वजन उतरत गेलं, शेवटी आम्ही तिला ट्रुगानिनाला आमच्याकडे आणलं. गॅरेजमधली शेगडी तिनं चर्चच्या सेलला देऊन टाकली. मला विचारलं नाही.

आता रविवारी मी शिजवते. आधी वाटलं होतं, ती शेजारी उभी राहील, हे असं नको तसं कर म्हणेल, हळूहळू परत पदर खोचेल. ती खिडकीपाशी खुर्चीत बसते. मी काहीही केलं तरी चांगलं म्हणते. माझं बरोबर होत नाहीये, हे मला कळतं, पण नक्की काय चुकतंय ते कळत नाही. चव सांगणारी मी होते, चव आणणारी ती होती.

गेल्या रविवारी मी एक आगाऊपणा केला. आमच्या कामात एक पद्धत असते. तपासणारा जागा आहे का बघायचं असेल, तर मुद्दाम एक चूक आत सोडायची. मी मुद्दाम तीन सोडल्या. भेंडी अख्खी टाकली आणि लिबलिबीत होईपर्यंत शिजवली. मुगाचे मोड आधीच घातले, त्यांचा चोथा झाला. वरचा पाला घातलाच नाही. यातलं काहीही कळायला जीभ लागत नाही, नुसते डोळे पुरतात. अशा भेंडीसाठी तिनं एकेकाळी माझ्या हातून सुरी काढून घेतली होती. मला शिव्या हव्या होत्या. एक शिवी मिळाली असती तरी मी वर्षभर जगले असते.

पातेलं उचलून तिच्यापुढे नेलं. "मा, बघ ना. ठीक झालंय का?"

तिनं चष्मा लावला. पळीनं भेंडी वर उचलली, ती तुटून खाली पडली. मोड बाजूला सारून बघितले. वर पाला नाही तेही बघितलं, त्या जागी तिची नजर थांबली. सगळं बघितलं तिनं, एकूण एक. मग माझ्याकडे बघितलं, अगदी प्रेमानं, जसं मी आठ महिने तिच्याकडे बघत होते.

"परफेक्ट," म्हणाली, आणि झाकण ठेवलं.