भट्टीवरची लस

वीटभट्टीचा धूर नाकात गेला की मला ती बाई आठवते. मुरबाडहून आम्ही शेणव्याच्या भट्टीवर कामाला गेलो होतो, माझी मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती. शेजारच्या झोपडीतल्या त्या बाईच्या तान्ह्या मुलाला डांग्या खोकला झाला. खोकून खोकून तो निळा पडायचा. शहापूरच्या दवाखान्यात नेलं, पण तो वाचला नाही. पुढच्या आठवड्यात नर्सबाई त्याच खोकल्याची लस घेऊन भट्टीवर आल्या. माझे सासरे म्हणाले, "नको, पोरीला ताप येल." तेवढ्यात ती बाई चिखलाचे हात धुऊन आली आणि सासऱ्यांना म्हणाली, "ताप उतरतो, बाबा. ताप नको म्हनून मी टोचून घेतलं नाय, नि माझा पोर गेला." सासरे बाजूला सरले. मग तिनेच माझ्या मुलीला मांडीवर घेऊन तिचा पाय धरला. सुई टोचल्यावर पोरगी किंचाळली, तशी तिने तिला छातीशी धरलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. मीही मागितली नाही. ताप आला आणि दुसऱ्या दिवशी उतरला. माझी मुलगी आता नववीत आहे. तिच्या वाढदिवसाला दिवा लावताना मी देवाआधी त्या बाईला हात जोडते.