बातमीतला दादा

रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करता करता तिनं भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहिलं आणि तिचा हात थबकला. पडद्यावर पुन्हा तोच ट्रक. ताडपत्री ओढली जातेय, बायका तोंडं झाकून उतरतायत आणि गुडघ्यांवर बसवलेला ड्रायव्हर दिव्यांच्या झोतात डोळे मिचकावतोय. निवेदिका म्हणत होती, "माणसं विकणाऱ्या टोळ्यांचा सुळसुळाट."

बातमी भलत्याच गावची होती. दृश्य मात्र जुनं, ट्रक ओळखीचा. ओढणीत तोंड लपवलेली पहिली बाई ती स्वतः होती आणि ड्रायव्हर तिचा सख्खा थोरला भाऊ.

त्याला गळ तिनंच घातली होती. नवरा गेला, गावात काम उरलं नाही. सीमेपलीकडे होतं, पण परवाना मिळेना. "दादा, मला पलीकडे सोड," एवढंच ती म्हणाली होती. दादानं आढेवेढे घेतले, मग शेजारणींनाही गाडीत बसवलं. चोरून सीमा ओलांडल्याची शिक्षा त्यानं भोगली. तस्करीच्या आरोपातून कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं, तेव्हा तिथे एकही कॅमेरा फिरकला नाही. आता ती रीतसर परवान्यावर राहत होती, आणि दादाला मात्र कुणी कामावर ठेवत नव्हतं.

पाळी संपताच ती तडक त्या वाहिनीच्या कचेरीत गेली. भेटला तो बातम्यांची दृश्यं जोडणारा संकलक, पोक्त माणूस. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, तुमचा चेहरा तर आम्ही पुसट केलाय."

"माझा केलात. त्याचा कुठे केलात?"

तो वरमला. "तस्करी म्हटलं की हेच दृश्य हाताशी असतं. बघणाऱ्याला लगेच कळतं."

"काय कळतं?"

तो संगणकाकडे वळला. त्यानं ते दृश्य तिच्यासमोर वाहिनीच्या संग्रहातून काढून टाकलं. इतर वाहिन्यांनी उचललंय त्याला आपला इलाज नाही, हेही सांगितलं.

"मग तो सुटला, हे तरी सांगा."

वरिष्ठांनी बरीच टाळाटाळ केली. अखेर एका दुपारी, हवामानाच्या आधी, निवेदिकेनं दादाच्या निर्दोष सुटकेची दोन वाक्यं वाचली. दादा घराच्या दाराशी उभा राहून ऐकत होता.

"नाव बरोबर घेतलं," तो म्हणाला.

जेवताना तिनं विचारलं, "बरं वाटलं ना रे?"

"वाटलं." घास हातातच राहिला. "पण फोटो नाही दाखवला गं. सुटला तो मीच, हे लोकांना कसं कळणार?"

दुसऱ्या दिवशी ती त्याचा फोटो घेऊन पुन्हा संकलकाकडे गेली.