ठिबकच्या नळ्या रानातच राहिल्या

हातकणंगल्याजवळच्या गावात माझं लग्न होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. दोन हजार साल नुकतंच मागं पडलं होतं. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. सासरे गेल्यापासून दोन एकर ऊस त्याच बघायच्या. नवरा एमआयडीसीत पाळीवर. आत्यांचा विश्वास कुणावरच पटकन बसायचा नाही. दूध घालून आल्या तरी डेअरीतला काटा बरोबर होता का, याचाच विचार करत बसायच्या.

एक दिवस ठिबकचा विक्रेता मोटरसायकलवरून दारात आला.

"मावशी, ठिबकला सरकारी अनुदान सुटलंय. तुमी निस्त्या सह्या करा. नळ्या आमी जोडतो, साहेब बघून जातील, पैसं तुमच्या खात्यावर. त्यातला माझा वाटा तेवढा काढून द्यायचा."

"आनि नळ्या?"

"त्यांचं बघू की मागनं."

भावकीतल्या बऱ्याच जणांनी आधीच सह्या केल्या होत्या. आत्यांचे धाकटे दीरही त्यात होते. "वैनी, फुकटचं मिळतंय, घ्या की," असं तेच सांगून गेले. आत्यांनी सही केली खरी, पण भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "ह्यो बाबा आपल्यासाठनं एवढा का पळतोय, कळंना झालंय."

टेम्पोतून नळ्या आल्या. सऱ्यांत पसरताना माझ्या हाताला माती लागली. आमचं रान काळंभोर आणि नळ्यांच्या भोकांत तांबडी माती अडकलेली. मी ती आत्यांना दाखवली. त्यांनी बोटावर घासून बघितली आणि परत नळ्या पसरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी कृषी खात्याचे साहेब आले. मोटर चालू केली, पाणी ठिबकलं. डोक्यावर पदर घेऊन, हातात नळी धरून आत्यांचा फोटो निघाला.

"मावशी, ह्या तुमच्याच ना?" साहेबांनी विचारलं.

"माझ्याच की," आत्या म्हणाल्या. विक्रेत्यानंही मान डोलावली.

साहेब गेले आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो परत हजर. नळ्या गुंडाळून न्यायच्या होत्या. आत्या तरातरा गेल्या आणि सऱ्यांच्या तोंडाशी, पाणी गाळायच्या फिल्टरला पाठ लावून बसल्या.

"पावणं, हात लावायचा न्हाय."

"मावशी, तुमच्या न्हाईत त्या. आता दुसऱ्या रानात घालायच्या हाईत."

"मग काल साहेबाम्होरं मान का डोलावलीसा? बोलवा पोलीसपाटलाला. नळ्या कुणाच्या ते त्यालाच सांगा."

तो ओरडला, मग गयावया केली, मग माझ्याकडं बघून म्हणाला, "वैनी, तुमी तरी सांगा की." मी आत्यांशेजारी जाऊन बसले. टेम्पो रिकामा गेला.

ते दुसरं रान आत्यांच्या धाकट्या दिरांचं निघालं. एकच संच साऱ्या भावकीतून फिरणार होता. "वैनी, माझं अनुदान बुडवलंसा," एवढं बोलून ते गेले, ते त्या वर्षी उरुसाच्या जेवणालाही त्यांचं बोलावणं आलं नाही. आमचं अनुदान आलं, तेव्हा आत्यांनी विक्रेत्याला निरोप धाडला, "पक्कं बिल आण आनि नळ्यांचं पैसं घेऊन जा." बरेच दिवस लावून त्यानं ते आणलं.

गावात मात्र वेगळंच पसरलं. म्हातारी साहेबाला आधीच भेटलीवती म्हणे, नळ्या दाबायचं तिथंच ठरलंवतं. पाणी भरायला गेलं की बायका बोलता बोलता थांबायच्या. एकदा जेवताना नवऱ्यानंच विचारलं, "आई, खरंच भेटलीवतीस व्हय गं?" त्या दिवसांत आत्या घर आणि रान सोडून कुठं गेल्या नव्हत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी उत्तर काय येतंय म्हणून मीही त्यांच्या तोंडाकडं बघितलं. आत्या ताटावरून उठून गेल्या.

दोन वर्षांनी धाकट्या दिरांनी स्वतःच्या पैशानं ठिबक बसवलं. बांधावरून त्यांनी मला हाक मारली, फिल्टर कसा धुवायचा ते विचारलं. मी सांगितलं. आत्या पलीकडं पाला काढत होत्या. दीर गेल्यावर माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आजच का बोलाय लागलाय त्यो? काय पायजे त्याला?"